भिंती नेल्या, पाचवी दिली नाही

तालुक्याच्या साहेबांनी मला फसवलं. मला म्हणजे आमच्या शाळेच्या गावाला, आणि त्या गावातल्या एका मुलीला सगळ्यात जास्त. सौदा साधा होता. कोरोनात शाळा बंद असताना आम्ही गावाच्या भिंतींवर जी शाळा चालवली, ती त्यांनी आपल्या नावावर न्यायची. फोटो, व्हिडिओ, कौतुक सगळं त्यांचं. बदल्यात आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेला त्यांनी पाचवीचा वर्ग द्यायचा. भिंती त्यांनी नेल्या. पाचवी आजपर्यंत आलेली नाही.

सौदा म्हटलं की काही शिक्षकांना राग येतो. शिक्षणात सौदा कसला, म्हणतात. म्हणू देत. माझी आई मलकापूरच्या बाजारात भाजी विकायची आणि मी तिच्या बाजूला पोत्यावर बसून अभ्यास करायचे. मेथीच्या जुडीला हात लावून पुढे गेलेलं गिऱ्हाईक परत येणार की नाही, हे मला त्याच्या चालीवरून कळायचं. पुढे डी.एड. करताना एका कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घातल्या. मला कोणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही काही फुकट सोडत नाही. रागाचं म्हणाल तर तोही बाजारातलाच. वजनावर कोणी संशय घेतला की आई शांतपणे तराजू उचलून दाखवायची. मी तराजूपर्यंत थांबत नाही, माझं तोंड आधी सुटतं. नोकरीत याचा मला फायदा झालेला नाही.

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक पहिली-दुसरी बघायचे, मी तिसरी-चौथी. गाव हायवेपासून आत, आणि पाचवीची शाळा हायवेच्या पलीकडे, मोठ्या गावात. मी मलकापूरहून स्कूटीवर यायचे. चौथी पास झालेले मुलगे सायकलवर पलीकडे जायचे. मुली एसटीने जायच्या, एसटी असेल तेव्हा. बाकीच्या दिवशी ट्रकांमधून रस्ता ओलांडायला कोणी आई तयार नसायची, आणि मी त्या आयांना नावं ठेवत नाही. तो रस्ता मी रोज बघत होते.

मार्चमध्ये शाळा बंद झाली तेव्हा मुलांना वाटलं, सुट्टी लवकर लागली. जूनमध्ये आदेश आला, ऑनलाइन शिकवा. म्हणजे काय, तर पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकायची, लिंक टाकल्याचा स्क्रीनशॉट वरच्या ग्रुपवर टाकायचा, आणि तिथून कोणीतरी तो त्याच्याही वरच्या ग्रुपवर. लिंक वर वर चालली होती. खाली मुलापर्यंत ती पोचते का, हे बघायला कोणी येत नव्हतं.

ज्या घरी चांगला फोन होता त्या घरचा बाप फोन खिशात घालून शेतात जायचा. संध्याकाळी परतला की बॅटरी संपलेली. एका आईला मी फोन करून विचारलं, "मुलाला व्हिडिओ दाखवला का?"

"दाखवला ना बाई. त्यानं पाह्यला, मंग म्या पाह्यला, मंग सासूनं पाह्यला. डाटा सरला."

"मग कळलं का त्याला?"

"सासूले कळलं."

मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले, शुगरचे पेशंट. घराबाहेर पडायची त्यांना भीती वाटायची आणि ती खोटी नव्हती. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा.

"मॅडम, लिंक टाकली?"

"टाकली."

"मंग झालं ना."

मला ते झालं असं वाटत नव्हतं. मी स्कूटी काढली आणि गावात गेले. तोंडाला ओढणी बांधून घरोघर फिरले, ओट्याच्या खाली उभी राहून बोलले. तेव्हा मला ती मुलगी भेटली. तशी ती माझ्याच वर्गातली, तिसरीतून चौथीत आलेली, पण वर्गात ती मागे बसायची आणि फारसं बोलायची नाही. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन, बाकी दिवस दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर. घरात बटणाचा फोन. ती ओट्यावर चौथीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. अर्ध्याच्या पुढे गेली होती.

"कोणी शिकवलं?"

"कोनीच नाही. पुस्तकात लिहेल हाय ना. पन भागाकाराचं मले समजून नाही राह्यलं. पुस्तक सांगते बाई, पन मले ऐकू येत नाही."

मुलगी बहिरी नव्हती. तिला आवाज हवा होता, मास्तराचा. परतताना मारुतीच्या देवळावरून आले, आणि देवळाच्या शिखराला बांधलेला भोंगा दिसला.

मंदिर समितीचे अध्यक्ष गावातले मोठे शेतकरी. वयस्क, पांढरं धोतर, खांद्यावर शेला. सगळा जन्म त्यांनी बैलबाजार केले होते आणि गावात कोणाचाही बैल त्यांना विचारल्याशिवाय विकला जायचा नाही. मी भोंगा मागितला. सकाळी आरतीनंतर थोडा वेळ.

"बाई, भोंगा देवाचा हाय. त्याच्यावर पाढे म्हनाचे म्हंजे काही रीत झाली का?"

"देवाला पाढे येत नाहीत का?"

"देवाले येत असन. आमाले नाही येत. लोकं हासतीन."

मी उठले नाही. बाजारात गिऱ्हाईक नाही म्हणालं तरी आई जुडी खाली ठेवायची नाही, हातातच धरायची. मी बसून राहिले आणि त्यांची चिंता कोणती ते शोधलं. ती घरातच रचलेली होती. लॉकडाउनमुळे खरेदी बंद पडली होती आणि गावातल्या अर्ध्या घरांत उन्हाळाभर कापूस पडून होता. खरेदी केंद्रावर ज्याचा नंबर लागेल त्याच्या फोनवर मेसेज यायचा. मेसेज बारीक अक्षरात, तोही इंग्रजीत. त्यात दिवस चुकला की नंबर गेला. दोघांचे असेच गेले होते.

"मेसेज मी वाचते," मी म्हणाले. "रोज. भोंग्यावरून सांगते, कोणाचा नंबर लागला, कोणत्या दिवशी गाडी घेऊन जायचं. आधी कापूस, मग पाढे."

त्यांनी शेला झटकला. "आधी कापूस?"

"आधी कापूस."

"तं मंग घ्या."

अशी आमची शाळा सुरू झाली. सकाळी लोक आपापले फोन देवळाच्या पायरीवर ठेवून दूर उभे राहायचे, मी सॅनिटायझर लावून एकेक मेसेज वाचायचे, आणि मग भोंग्यावरून कापसाचे नंबर. गाव कान देऊन ऐकायचं, त्यामुळे मुलंही घरात सापडायची. नंबर संपले की मराठी, मग गणित. नाल्यापलीकडच्या वस्तीत आवाज पोचत नव्हता. तिथे मंडपवाल्या चाचांचं घर होतं. लग्नं बंद, त्यांचे सगळे स्पीकर घरात धूळ खात पडलेले. ते स्वतःच आले. "बाई, मेरा भोंगा बैठे बैठे गूंगा हो जाएगा. लावून देऊ का तिकडं?" त्यांच्याशी मला सौदा करावा लागला नाही. वाईट वाटलं थोडं, सवय नव्हती.

पण भोंगा एका बाजूने बोलतो. मुलांना कळलं की नाही ते मला कळायला रस्ता नव्हता. तेव्हा मी युक्ती काढली. उत्तर थाळीवर वाजवा. सात आणि पाच किती? मुलांनी आपापल्या ओट्यावर थाळी वाजवायची, मी देवळाच्या पायरीवरून मोजायचं. लहान उत्तरं होती तोवर ठीक चाललं. एक दिवस मी विचारलं, "नऊ त्रिक?"

पोरं वाजवायला लागली. कोणी भराभर, कोणी मोजून, कोणी चुकून पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या गल्ल्यांतून तो आवाज उठला आणि संपेचना. मार्चमध्ये देशभर थाळ्या वाजल्या होत्या, त्याला फार दिवस झाले नव्हते. म्हाताऱ्या बाया बाहेर आल्या.

"आज काऊन वाजवून राह्यले वं?"

"अवं, पुन्हा सांगतलं असन वरून."

"मले तं कोनी सांगतलंच नाही!"

आणि त्या घरात जाऊन परात घेऊन आल्या. मग गडी आले. कोणी शंख आणला. मी भोंग्यावरून ओरडत होते, "सत्तावीस! सत्तावीस झाले, थांबा!" लोकांना वाटलं, पेशंट सांगून राहिली. ते आणखी जोरात वाजवायला लागले. अध्यक्ष धोतर सावरत देवळाकडे धावत आले.

"बंद करा हो बाई! शेजारच्या गावातून फोन येऊन राह्यले. तिकडंही वाजवाले लागले लोकं!"

शेजारच्या गावाला वाटलं होतं, आपल्यालाच निरोप मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी मला पायरीवर बसवलं आणि समजुतीने विचारलं, "बाई, पोराईले उत्तर मुक्यानं देता येत नाही का?"

त्यातून भिंती आल्या. मी भोंग्यावरून गणित सांगायचं, मुलांनी ते आपापल्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर कोळशाने सोडवायचं, आणि मग मी गावातून फिरत भिंती तपासायच्या. मूल ओट्यावर, मी रस्त्यावर, मध्ये अंतर. चूक असेल तिथे मी वेळूच्या काठीने दाखवायची, मुलाने ओल्या फडक्याने पुसून पुन्हा लिहायचं.

भिंती मात्र मुलांच्या नव्हत्या, मालकांच्या होत्या. प्रत्येक भिंतीसाठी मला वेगळं बोलावं लागलं. एकाला त्याच्या पीक विम्याचा फोन करून हवा होता. एकीला तिच्या सुनेला माझ्याकडून दोन शब्द सांगून हवे होते, ते मी सांगितले आणि सून माझ्याशी वर्षभर बोलली नाही. बहुतेकांची हरकत एकच, दिवाळीला पोतारलेली भिंत काळी होते. मी सगळ्यांना एकच शब्द दिला. शाळा उघडली की प्रत्येक भिंत मी स्वतः पांढऱ्या मातीने पोतारून देईन. मातीच्या भिंतीला माती, सिमेंटच्या भिंतीला रंग. एक म्हातारी तरीही ऐकेना.

"माह्या भिंतीवर चुकेल गनित नाही पाह्यजे. बरोबर असन तं लिहा."

"आजी, मुलं चुकून चुकूनच शिकतात."

"मंग दुसऱ्याच्या भिंतीवर चुका म्हना. माही भिंत देवळासमोर हाय."

यावर मी वाद घातला आणि हरले. पण झालं असं, की तिच्या भिंतीवर गणित लिहायला मिळणं हा मुलांमध्ये मोठा मान झाला. घरच्या भिंतीवर जमलं की तिकडे पळायची, तोंडाला रुमाल बांधून, एकेक. म्हातारी काठी घेऊन ओट्यावर बसायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण मूल लिहिताना अडखळलं तर ती त्याला हाकलून लावायची.

त्या मुलीची भिंत बुटकी होती. भागाकार खाली खाली जातो. मोठी संख्या दिली की तिचा भागाकार जोत्याला टेकायचा आणि बाकी लिहायला जागा उरायची नाही. मग ती घमेलं पालथं घालून त्यावर उभी राहायला लागली, वरून सुरुवात करायची, उतरायची, शेवटी मातीत बसून बाकी लिहायची. तिचे वडील दारात उभे राहून बघायचे.

"बाई, याच्याहून उच्ची भित माह्यापाशी नाही."

"पुढची भिंत पाचवीत," मी म्हणाले.

ते म्हणाले, "पाचवी तं रोडाच्या तिकडं हाय."

मला तेव्हापासून पाचवी हवी होती. चौथीच्या त्या वर्गात मुलीच जास्त होत्या, पण खरं सांगायचं तर मला ती या एकीसाठी हवी होती. तिचा भागाकार अडत नव्हता, भिंत संपत होती.

दिवाळीनंतर तालुक्याचे साहेब आले. कोणीतरी भिंतींचा फोटो ग्रुपवर टाकला होता. साहेब मास्कवर मास्क लावून गल्लीगल्लीतून फिरले, फोटो काढले, आणि देवळाच्या ओट्यावर बसून मला म्हणाले, "मॅडम, हा उपक्रम जिल्ह्यावर गेला पाहिजे. याचं नीट चित्रीकरण करू. माझ्या मार्गदर्शनाखाली, असं टाकू."

"टाका. गावाला काय?"

"गावाचं नाव होईल ना."

"नाव गावाला आहे साहेब. पाचवी नाही."

ते हसले. "पाचवी? त्यात काय आहे? माझ्या शिफारशीने होतं ते. देऊन टाकू."

"'देऊन टाकू' असं नको, 'देतो' म्हणा. कधीपासून?"

"जूनपासून."

"अध्यक्षांसमोर म्हणा."

अध्यक्षांना बोलावलं. साहेब त्यांच्यासमोरही म्हणाले, जूनपासून पाचवी. अध्यक्षांनी जन्मभराच्या सवयीने खांद्यावरचा शेला काढला, हातावर पसरला आणि पुढे केला. बैलबाजारात सौदा शेल्याखाली होतो. दोघांचे हात शेल्याखाली जातात, बोटं धरली जातात, आणि हात दिला की सौदा पक्का. मग त्यावर कोणी बोलत नाही.

"द्या साहेब हात."

साहेब दोन पावलं मागे सरकले आणि नमस्कार केला. "सध्या हात नको काका. शब्द दिला ना मी."

मी अध्यक्षांना बाजूला घेतलं. "यांनी हात नाही दिला."

"कोरोना हाय ना बाई. हात कोन देते आता? शिकेल मानूस हाय, शब्द देल्ला त्यानं."

त्या वर्षी कोणीच कोणाला हात देत नव्हतं. लोक बापाच्या पाया पडत नव्हते. ज्या एका गोष्टीवरून आमच्या भागात खरा आणि खोटा ओळखतात, ती गोष्टच सरकारी नियमाने बंद होती, आणि साहेबांना ते सोयीचं पडलं.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांची माणसं आदल्या दिवसापासून आली. कोळसा कॅमेऱ्यात नीट दिसत नाही म्हणाले, म्हणून मुलांच्या हाती रंगीत खडू दिले. बकऱ्या दुसरीकडे बांधायला लावल्या. म्हातारीला उठायला सांगितलं, ती उठली नाही, म्हणून ती व्हिडिओत आहे. मुलीच्या भिंतीसमोर कॅमेरेवाला बराच वेळ पुढे मागे झाला.

"मॅडम, भागाकार लहान घ्या ना. फ्रेममध्ये मावत नाही."

मुलगी घमेल्यावर उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. "लहान तं मले तिसरीतच येत होता, बाई."

"घे लहान," मी म्हणाले. पाचवी डोळ्यांसमोर होती.

तिने फडक्याने सगळं पुसलं आणि एका ओळीचा भागाकार लिहिला. बाकी शून्य.

तो व्हिडिओ मी माझ्या फोनवर बघितला, तालुक्याच्या ऑनलाइन कार्यक्रमात. देऊळ दिसलं, भोंगा दिसला, मुलीची पाठ आणि दोन वेण्या दिसल्या. साहेब म्हणाले, "लॉकडाउनमध्ये मला एक कल्पना सुचली." मी फोन बंद केला नाही. सौदा तसाच होता. कल्पना त्यांची, पाचवी आमची. मी शेवटपर्यंत ऐकलं. पाचवीचा उल्लेख नव्हता.

मग दुसरी लाट आली. तिच्यात अध्यक्ष गेले. मलकापूरला नेलं होतं, परत आणू दिलं नाही. ज्या माणसाच्या मातीला तीन गावं आली असती त्याला घरचेही नीट बघू शकले नाहीत. माझ्या सौद्याचा साक्षीदार तोच होता, हे मला पुष्कळ दिवसांनी सुचलं, आणि सुचलं तेव्हा मला स्वतःचा नाही, साहेबांचा राग आला. कारण त्यांना ते माझ्या आधी सुचलं असणार.

जून आला. चौथी सगळी पास, सगळे वरच्या वर्गात. वरचा वर्ग गावात नव्हता. मी तालुक्याला गेले. साहेबांची बदली झालेली, मोठ्या जागेवर. खुर्चीत नवे साहेब.

"मॅडम, पटसंख्या बघावी लागते. अंतराचा नियम आहे. आधीच्यांनी काय कबूल केलं त्याची इथे काही नोंद नाही."

"नोंद नाही, पण व्हिडिओ आहे. भिंती आहेत. माणसं आहेत."

"त्यात पाचवीचं कुठे आहे?"

मी जुन्या साहेबांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. नंतर उचलला.

"मॅडम, ते आपण बोलण्याच्या ओघात बोललो होतो."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईच्या शेजारचे भाजीवाले जे बोलायचे त्यातलं मला सगळं आठवतं, आणि त्या दिवशी सगळं उपयोगी पडलं. कार्यालयाच्या व्हरांड्यात उभी राहून बोलत होते, त्यामुळे ऐकायला माणसं होती. आठवड्यात मला पत्र आलं. वरिष्ठांशी असभ्य भाषेत बोलल्याबद्दल आपला लेखी खुलासा सादर करावा.

मी खुलासा दिला. भाषा असभ्य होती, असं लिहिलं. मजकूर खरा होता, असंही लिहिलं. पुढच्या बदल्यांत माझं नाव आलं आणि मला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुसरबीडच्या बाजूला टाकलं. त्याचा खुलासा मी कोणाला मागितला नाही. नोकरी आहे, बदली होते.

मुलीचं नाव हायवेपलीकडच्या शाळेत पाचवीत लागलं. शाळा उघडली तेव्हा ती थोडे दिवस एसटीने गेली. दिवाळीच्या सुमारास एसटी बंद पडली ती महिनोन् महिने बंद राहिली. वडील ट्रॅक्टरवर असले की सोडायचे, नसले की ती घरी. मग कापसाच्या वेचणीला माणूस मिळेना, तेव्हा ती आईबरोबर जायला लागली. शाळेने तिचं नाव काढलं नाही. पाचवी पास, सहावी पास, सातवी पास. कागदावर ती दरवर्षी वर जात राहिली, लिंक जायची तशी.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्या गावी गेले. माझा एक शब्द बाकी होता. सगळ्या भिंती पोतारून देईन म्हणाले होते. शाळा उघडल्यावर थोड्या केल्या होत्या, मग बदली झाली. पांढऱ्या मातीचं पोतं स्कूटीवर बांधून नेलं, बादली आणि चिंधी तिथेच मागितली. बहुतेकांनी आपापल्या दिवाळीत भिंती करून घेतल्या होत्या आणि मला हसले. "बाई, एवढे दिस थांबलो असतो का?" देवळासमोरची म्हातारी वारली होती. तिच्या भिंतीवर आता मोबाईलच्या रिचार्जची जाहिरात आहे. तरी ज्या दोनतीन राहिल्या होत्या त्या मी केल्या, पदर खोचून, आणि बघायला गर्दी जमली.

मुलीच्या घरी पोचले. ओसरीखाली पाऊस येत नाही, त्यामुळे खडू अजून तिथे होता. व्हिडिओतला तो एका ओळीचा भागाकार, बाकी शून्य. मी बादली खाली ठेवली.

तिचे वडील बाहेर आले. "हे राहू द्या."

"का? माझा शब्द आहे."

"तुमचा हाय. त्याइचाही व्हता ना? ते पाचवी आनतीन, मंग पुसू. तवरोक असू द्या."

मी आवाज चढवला. सांगितलं, त्यांचा आणि माझा शब्द वेगळा आहे, मी माझा पाळून मोकळी होते. त्यांनी आवाज चढवला नाही.

"मोकळ्या होऊ नका बाई," ते म्हणाले. "तुमी मोकळ्या झाल्या तं विचारनार कोन?"

तेवढ्यात ती शेतातून आली. डोक्याला फडकं, हाताला नखांशी वेचणीचे ओरखडे. उंच झाली आहे. मला बघून हसली, आणि भिंतीपाशी गेली. घमेलं कोपऱ्यात होतं. तिने त्याला हात लावला नाही. नुसता हात वर केला आणि छपराच्या वाशाला टेकवला.

"आता पुरते, बाई," ती म्हणाली.

मी बादली उचलून निघाले. माती पोत्यात तशीच आहे, घरी आणली.

साहेब, माझ्याकडे तुमच्या जुन्या कार्यालयाने एकदा खुलासा मागितला होता. मी दिला, मुदतीत दिला. आता मी मागते. लेखी नको, कागद वर जातात. तुम्ही या. आता कोरोना नाही, हात देता येतो. त्या ओसरीसमोर उभे राहा, तुमच्याच माणसांनी लहान करायला लावलेला भागाकार बघा, आणि जिला घमेलं लागत नाही त्या मुलीला तोंडावर सांगा, तिची पाचवी कुठे आहे?